मायच्या चक्करची हजेरी

करडी गावात आमच्या घरी वेळेवर येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मी. शाळा सुटली की साडेपाचला मी दारात हजर. बाकी सगळं आपापल्या मर्जीनं येतं. लाईट मर्जीनं जाते आणि मर्जीनं येते. नळाचं पाणी कधी सकाळी येतं, कधी भर दुपारी, आणि गावात कोणी मोठा माणूस यायचा असला तर दिवसभर येतं. वानरं येतात, मोबाईलची रेंज येते, आणि पवनीहून माझा साळा प्रल्हाद येतो. यातलं कोण कधी उगवेल हे सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवतो. सगळे विषय, इंग्रजीसकट. घरी आम्ही तिघं. मी, बायको वंदना आणि माझी माय. मायचं वय बहात्तर, उंची चार फूट आठ इंच आणि आवाज गावाच्या तलावापर्यंत पोचणारा. परवापर्यंत धानाच्या रोवणीला बांधीतल्या चिखलात उतरत होती. मी "आता पुरे" म्हटलं की "तुह्या शाळेत येऊन बसू का मंग?" असं विचारायची.

तर या दिवाळीनंतर आमच्या घरी मर्जीनं येणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली. मायला चक्कर यायला लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा ती अंगणात उभी होती. एकदम खांब धरला आणि म्हणाली, "बाबू, घर फिरून राहिलं."

"कुठं फिरून राहिलं? उभं तर आहे."

"तुले दिसत नाही. मले दिसते."

मिनिटभरात घर जागेवर आलं. मग दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दोनदा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, शुगर पाहिली, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, "एकदा नागपूरला डोक्याच्या डॉक्टरला दाखवून घ्या." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, पण मला त्यातला 'डोक्याच्या' हाच शब्द ऐकू आला. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होतो. तेव्हापासून आमचं घर मायच्या जोरावर उभं आहे, आणि आता ती भिंत धरून चालत होती. मी घाबरलो होतो. घाबरलेला मास्तर काय काय करू शकतो, ते पुढे सांगतोच.

नागपूरच्या डॉक्टरांची वेळ मिळाली तीन आठवड्यांनंतरची. ती मिळवून दिली प्रल्हादनं. त्याचं पवनीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि मागच्या वर्षी डोकं दुखायचं म्हणून तो त्याच डॉक्टरांकडे जाऊन आला होता. त्यानं मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, एक ध्यानात ठेवा. तो डॉक्टर साउथचा आहे. इंग्लिशच बोलते. मले पहिलाच सवाल केला, हाऊ ऑफन?"

"मंग तू काय सांगितलं?"

"यस म्हणलं."

"मंग?"

"मंग त्यानं पुन्हा इचारलं. मी पुन्हा यस म्हणलं. चार डाव झाले. मंग त्यानं कंपाउंडरले आवाज देल्ला."

म्हणजे पेपर फुटला होता. प्रश्न होता, किती वेळा होतं? आणि आमचं उत्तर होतं, कधीमधी. मी हसलोच. कधीमधी म्हणजे समटाइम्स, एवढं इंग्रजी मला येत होतं. तरी खात्री करावी म्हणून डिक्शनरी उघडली आणि तिथंच माझं चुकलं. आपण बापडे एका 'कधीमधी'वर सगळं निभावतो. इंग्रजांकडे त्याचं अख्खं खानदान आहे. ऑकेजनल वेगळं, इंटरमिटंट वेगळं, स्पोरॅडिक वेगळं, इरॅटिक वेगळं, आणि त्यांच्यात फिटफुल नावाचा एक पाहुणा. एक प्रसंगानं येणारं, एक थांबून थांबून चालणारं, एक इथं थोडं तिथं थोडं होणारं, एक ज्याचा काही नेमच नाही असं, आणि शेवटचं झटक्याझटक्यानं येणारं. आता मायची चक्कर यातली नेमकी कोणती? चुकीचा शब्द गेला तर चुकीची गोळी येणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

पण एकोणपन्नासाव्या वर्षी शब्द डोक्यात राहत नाहीत. सकाळी पाठ केलेलं दुपारी शाळेत पोचेपर्यंत रस्त्यात सांडतं. मग मला आमचं प्रशिक्षण आठवलं. वस्तू दाखवा, शब्द शिकवा! वस्तू तर घरात तयारच होत्या. लाईट थांबून थांबून चालते, ती इंटरमिटंट. नळाच्या पाण्याला नेम नाही, ते इरॅटिक. वानरं आज या छपरावर, उद्या त्या, म्हणून स्पोरॅडिक. रेंज झटक्यानं येते, ती फिटफुल. आणि प्रल्हाद लग्नकार्याला, नाहीतर पवनीचं वांगं चांगलं निघालं की प्रसंगानं येतो, तो ऑकेजनल.

मी नियम केला. घरात यातलं काहीही झालं की ज्याच्या ध्यानात येईल त्यानं तो शब्द मोठ्यानं म्हणायचा. दिवसातून दहादा कानावर पडला की कसा राहत नाही, पाहू.

वंदनानं कमरेवर हात ठेवले. "डॉक्टरशी बोलाचं तुम्हाले आहे. मायले कायले शिकवून राहिले?"

"घरात वातावरण पाहिजे."

"वातावरण म्हणे."

मी ऐकलं नाही. ड्रॉइंग पेपरवर मोठ्या अक्षरांत, देवनागरीत, पाच शब्दांचा तक्ता तयार केला आणि दाराशेजारी भिंतीवर लावला. तो तक्ता आमच्या शेळीनं दुसऱ्या दिवशी खाल्ला. स्पोरॅडिकपासून सुरुवात केली आणि फिटफुलपर्यंत पोचली होती तेव्हा वंदनाला दिसली. मग मी दुसरा तक्ता केला आणि स्टुलावर चढून दाराच्या चौकटीच्याही वर, पार छताला भिडवून लावला. आता खा म्हटलं. (शेळी दोन दिवस खालून बघत होती.)

वंदना दिवसभर शेतात, मी शाळेत. धान मळणीचे दिवस. घरी एकटी माय. त्यामुळे अभ्यासाचा सगळा भार मायवर आला. माय चौथी शिकलेली आहे. वाचायला येतं, पण तक्ता इतका उंच की चार फूट आठ इंचाच्या माणसाला मान पार मागं टाकून, डोळे बारीक करून वाचावं लागे. तरी तिनं कुरकुर केली नाही. माझ्याकडे पाहून ती एवढंच म्हणाली, "तुह्या जिवाले बरं वाटते ना? मंग वाचतो मी."

आता मी मास्तर. नुसत्या तक्त्यावर माझं समाधान कसं होणार? तक्ता लावायच्या चार दिवस आधीच मी आणखी एक काम सुरू केलं होतं. चक्कर किती वेळा येते हे डॉक्टर विचारणार, म्हणजे नोंद पाहिजे. कपाटात जुन्या नमुन्याचं एक कोरं हजेरीपत्रक पडलं होतं. ते काढलं. वर महिना घातला. विद्यार्थ्यांच्या नावांच्या रकान्यात लिहिलं: एक, लाईट. दोन, नळ. तीन, वानर. चार, रेंज. पाच, प्रल्हाद. सहा, चक्कर. पुढे तारखा, रोज सकाळ आणि दुपार असे दोन रकाने. आली तर 'ह', नाही आली तर 'गै'. पहिल्या पाचांची नोंद कशाला, असं वंदनानं विचारलं. एकच नाव असलेली हजेरी मला बघवत नाही, हे तिला कसं समजावणार? वर्ग भरलेला पाहिजे.

मग अभ्यास जोरात सुरू झाला. लाईट गेली की माय आधी पंख्याकडे पाहायची, मग तक्त्याकडे, आणि ओरडायची, "इंटरमिटंट गेली व बायांनो." नळाला पाणी आलं की मोटार लावून माय अंगणात उभी राहायची, छतावरची टाकी भरून कधी वाहते ते वर बघत. वाहिली की "इरॅटिक झालं" म्हणत मोटार बंद. मोबाईलला रेंज नसली की माय फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची आणि दांड्या दिसतात का ते खालून बघायची. "एक फिटफुल आली." चार दिवसांत शेजारच्या बायाही शिकल्या. परवा एकीनं कुंपणावरून विचारलं, "काय व बाई, तुमच्याकडची इंटरमिटंट आली का? आमच्याकडची अजून नाही."

वानरांचं तर विचारूच नका. टिनाच्या छपरावर मायनं वालाचा वेल चढवलेला आहे, आणि त्या शेंगांवर तिचा माझ्याइतकाच जीव आहे. (माझ्यापेक्षा जास्त, असं वंदना म्हणते.) वानरांचा कळप छपरावर उतरला की माय थाळी वाजवत अंगणात. मान वर, डोळे छपरावर, आणि तोंडानं "स्पो... स्पो..." पुढचं आठवेना म्हणून धावत घरात, तक्त्याकडे पाहून पूर्ण शब्द घेऊन पुन्हा बाहेर. एकदा मी शाळेतून आलो तर माय ओट्यावर डोळे मिटून बसलेली.

"काय झालं माय? वानरं आली होती?"

"आली होती."

"शब्द आला का?"

"शब्द आला. चक्कर बी आली."

मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि तीन नंबर व सहा नंबर, दोघांनाही 'ह' लावला.

नंतरच्या आठवड्यात प्रल्हाद आला. प्रल्हाद सहा फुटांच्या वर आहे. तो समोर उभा राहिला, मायनं त्याच्या तोंडाकडे पाहायला मान वर केली, "ऑकेजनल आला रे बाबू" म्हणाली आणि तशीच त्याच्या शर्टाला धरून खाली बसली. प्रल्हाद घाबरला तो वेगळाच, पण रागावलाही.

"भाऊजी, मी वांगे घेऊन आलो आणि माय मले काय म्हणून राहिली?"

"तुझी हजेरी लावून राहिली."

तिसऱ्या आठवड्यात हजेरीपत्रकात सहा नंबरच्या ओळीत 'गै' दिसेनासे झाले. रोज 'ह', कधी दोन्ही रकान्यांत. चक्कर वाढत होती. मी शाळेत फळ्यावर लिहीत असताना माझा हात थांबायचा. एकदा पोरांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभा राहिलो, कारण डोळे भरून आले होते. मायशिवाय घर ही कल्पनाच मला करता येत नव्हती. आणि अशा वेळी माणूस जे हातात असतं तेच जास्त जोरानं करतो. मी सराव वाढवला. संध्याकाळी जेवणाआधी माय तक्त्यासमोर उभी, मी मागं उभा. "वाच माय, वरून खाली." ती मान मागं टाकून पाचही शब्द वाचायची आणि मग भिंत धरायची. मी मनात म्हणायचो, बिचारी किती थकली आहे.

नागपूरला आम्ही तिघं गेलो. माय, मी आणि प्रल्हाद. वंदना मळणीसाठी थांबली. मायनं ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं. मी बसमध्ये भंडारा ते नागपूर ओठ हलवत होतो. शेजारच्या माणसानं मला जपमाळ कुठं आहे असं विचारलं.

दवाखान्यात नंबर आला. डॉक्टर केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर. मी खुर्चीत बसायच्या आधीच सुरू केलं. "गुड मॉर्निंग सर. माय मदर चक्कर इज इंटरमिटंट, स्पोरॅडिक, इरॅटिक, फिटफुल अँड ऑकेजनल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मायकडे वळून म्हणाले, "बसा आजी. काय होऊन राहिलं तुम्हाले?"

मी प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हाद छताकडे पाहत होता.

डॉक्टर पुढं म्हणाले, "पस्तीस वर्षं झाली मले नागपुरात." मग त्यांनी प्रल्हादला ओळखलं. "हे साहेब आले होते मागं. आल्या आल्या माझ्याशी इंग्लिश बोलले, म्हणून मी बी बोललो. मंग हे नुसतं यस यस करत राहिले." प्रल्हाद अजून छताकडेच पाहत होता.

"घर फिरते साहेब," माय म्हणाली. "मिनिटभर फिरते न् मंग थांबते."

"कधी फिरते?"

"कधीमधी," माय म्हणाली. झालं. एका शब्दात. तीन आठवड्यांचा माझा अभ्यास तिथंच संपला.

तरी मी हार मानली नाही. पिशवीतून हजेरीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. "सगळी नोंद आहे, सर." डॉक्टरांनी ते उघडलं. आधी नुसते बघत राहिले. मग एक बोट रकान्यावर ठेवून हळूहळू खाली आणलं, पुन्हा वर नेलं. दोन पानं उलटली.

"तुम्ही शिक्षक?"

"हो सर."

"वाटलंच. हा सहा नंबरचा विद्यार्थी कधी एकटा येतच नाही, हे तुमच्या ध्यानात आलं का?"

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तीन आठवडे मी रोज हजेरी घेतली, पण वाचली नव्हती.

"हे पाहा. वानर आलं, चक्कर आली. वानर गैरहजर, नळ गैरहजर, लाईट हजर, त्या सकाळी चक्कर गैरहजर. हा प्रल्हाद कोण?"

"मी," प्रल्हाद म्हणाला.

"तुम्ही आले, चक्कर आली." डॉक्टर मायकडे वळले. "आजी, वानर आलं की तुम्ही काय करता?"

"थाळी वाजवतो न् वरते पाहतो."

"नळ आला की?"

"टाकीकडे पाहतो. वरते."

"लाईट गेली की?"

"पंख्याले पाहतो."

"आणि यांच्याकडे?" त्यांनी प्रल्हादकडे बोट केलं.

"एवढा उंच माणूस, वरते पाहाच लागते ना साहेब."

डॉक्टरांनी पुन्हा पान पाहिलं. "हे सगळं कळलं. पण या तारखेपासून एकदम हजेरी वाढली. त्या दिवशी घरात काय नवीन झालं?"

मी तारीख पाहिली. शेळीनं पहिला तक्ता खाल्ला त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. मायच म्हणाली, "बाबूनं इंग्रजीचा तक्ता लावला. छताले. तो असा वाचा लागते." आणि तिनं दाखवायला म्हणून मान मागं टाकली, टेबल धरलं आणि म्हणाली, "हे पाहा साहेब, आली. तुमचं घर बी फिरून राहिलं."

डॉक्टर झटकन उठले. मायला पलंगावर बसवलं, मान एका बाजूला वळवून एकदम आडवं केलं आणि तिचे डोळे पाहत राहिले. मग समजावून सांगितलं. कानाच्या आत बारीक कण असतात. ते जागचे हलले की मान वर-खाली केल्यावर चक्कर येते. डोक्यात काहीही नाही.

"म्हंजे कानातली कणी हलली," माय म्हणाली.

"बरोबर. ती जाग्यावर बसवू." त्यांनी मायचं डोकं हळू एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर वळवलं, थोडं थांबले आणि तिला उठवून बसवलं. पाच मिनिटं लागली. गोळी नाही, सुई नाही. दहा मिनिटांनी तिला वर बघायला लावलं. मायनं घाबरत घाबरत पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता, पण घर जागेवर होतं.

मी तिथंच रडलो. प्रल्हादसमोर, डॉक्टरसमोर, दारात उभ्या असलेल्या कंपाउंडरसमोर. मायनं पदरानं माझं तोंड पुसलं. "उगी. मलेच तर झालं होतं."

डॉक्टरांनी कागदावर सूचना लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. आठ दिवस मान एकदम वर करायची नाही. वानरं दुसऱ्या कोणीतरी हाकलायची. तक्ता आजच काढायचा. शेवटची ओळ त्यांनी माझ्याकडे पाहून वाचली.

परतीच्या बसमध्ये प्रल्हादला झोप लागली. माय खिडकीशी बसली होती, गुलाबी गोळी चघळत. (ती तिनं डॉक्टरच्या टेबलावरच्या वाटीतून स्वतःच उचलली होती.) मध्येच म्हणाली, "बाबू, त्या डॉक्टरनं मले इंग्रजीतच इचारलं असतं, किती डाव होते म्हणून, तर बरोबर जवाब काय होता?"

मी विचार केला. इंटरमिटंट नव्हतं. स्पोरॅडिक नव्हतं. इरॅटिक, फिटफुल, ऑकेजनल, काहीच नव्हतं. तिची चक्कर माझ्यापेक्षाही वेळेवर येत होती. मान वर गेली की आली. दरवेळी.

"एव्हरी टाइम," मी म्हणालो.

"हे तर सोपं आहे. तक्त्यावर काहून नव्हतं?"

'एव्हरी टाइम' तिसरीच्या वर्गात पोरं रोज म्हणतात. दर वर्षी तो शब्द मी स्वतः फळ्यावर लिहितो आणि सांगतो, हा सोपा आहे, याचा अभ्यास नाही केला तरी चालेल.